पाहुण्याचं पाणी

माणूस आकाशात जाऊन पृथ्वीला चक्कर मारून आला, ही बातमी मी दादाला वाचून दाखवली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाजेवर पडल्या पडल्या त्यानं ती सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "तिथं प्यायचं पानी कसं होतं म्हनते?"

पेपरात तसं काही दिलेलं नव्हतं. सोबत नेलं असेल, असं मी म्हणालो.

"मंग आपल्यासारखंच हाये," दादा म्हणाला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला.

आमचं गाव अकोला आणि दर्यापूरच्या मधे, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापूस चांगला, माणसं बरी आणि पाणी खारट. विहीर हवी तितकी खोल न्या, खारटच. वहिनी सकाळी चुलीवर चढवलेली डाळ दुपार कलली तरी बोटानं दबायची नाही. चहात दूध ओतलं की ते फाटायचं. अंगाला साबण घासून घासून झिजायचा, पण फेस म्हणून येत नसे. वरणात मीठ घालायचं नाही हे आमच्याकडच्या मुलींना शिकवावं लागत नाही. अकोल्याला लग्न होऊन गेल्या की मात्र सासूला उलटं शिकवावं लागतं, आणि पहिले आठ दिवस सासरची माणसं अळणी जेवतात.

मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्या काळी विज्ञान मास्तराला मोठा मान होता, कारण पेपरात रोज काहीतरी उडत होतं. आधी नुसता गोळा उडाला, मग कुत्री उडाली, मग चंद्राच्या पाठीमागचे फोटो आले. अणूवर दिवे लागणार, असंही छापून आलं. कंदिलाची काच पुसता पुसता मी ते वाचलं होतं. मुलं डोळे विस्फारून ऐकायची आणि मीही हात हलवून हलवून सांगायचो. मग शनिवारी शाळा सुटली की घरी येऊन मी दुधाची मोठी कॅन नळाखाली भरायचो आणि ती खांद्यावर घेऊन दर्यापूरकडची बस पकडायचो.

पहिल्या खेपेला कंडक्टरनं कॅनवर हात ठेवून विचारलं, "मास्तर, तूप हाये का दूध? खरं सांगा."

मी झाकण उघडून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, वास घेतला. "लोक अकोल्यावरून रेडिओ नेतात, कापड नेतात. तुमी पानी काहून नेऊन राहिले?"

मी सांगितलं की भावाच्या मूत्रपिंडाला दुखणं आहे आणि गावचं पाणी त्याला विष आहे. त्यानंतर तो कंडक्टर माझ्या कॅनसाठी आपल्या पायाजवळची जागा राखून ठेवू लागला. सरकारी यंत्रणेकडून दादाच्या दुखण्याला जी काही मदत झाली, ती एवढीच.

दादाला आधी खडे झाले. आमच्या भागात ते नवल नाही, घरटी एकजण तरी कमरेला हात लावून ओरडलेला असतोच. पण मग त्याच्या पायांवर सूज आली, सकाळी उठला की डोळे सुजलेले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. "गाव सोडा, नाहीतर गावचं पाणी सोडा," म्हणाले. मी दादाला म्हटलं, चल माझ्याकडे, दोन खोल्या आहेत, अंगणात नळ आहे. तो म्हणाला, "शेत काय अकोल्याले घेऊन येऊ?" म्हणून मग पाणीच त्याच्याकडे जायचं ठरलं.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. तो वेडेपणाच होता, पण त्याला रीत होती. आमच्याकडे घरात दोन पाणी असतात. स्वयंपाकघरातल्या माठात घरच्यांचं, म्हणजे खारं. आणि ओसरीच्या कोपऱ्यात पितळी कळशीत पाहुण्याचं. ते गोड पाणी लांबच्या गावातून बैलगाडीनं आणायचं, फडक्यानं झाकायचं आणि घरच्या माणसानं, जीव गेला तरी, त्याला हात लावायचा नाही. दारात आलेल्या माणसाला खारं पाणी देणं म्हणजे त्याला हाकलून देणं. मुलगी द्यायला आलेले सोयरे असेच गोड पाणी पिऊन, खूश होऊन जायचे. वहिनीचे वडीलही गेले होते. वहिनीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना कळलं. "मले तर यायनं पान्यानंच फसवलं," असं ती सगळ्यांदेखत सांगायची आणि दादा लाजून हसायचा.

मी नेलेलं पाणी वहिनीनं अर्थातच त्या कळशीत ओतलं. दुसरीकडे कुठे ओतणार? गोड पाण्याची जागा तीच.

आणि दादा आजारी. आजारी माणसाला भेटायला आलं नाही तर आमच्याकडे तीन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. त्यामुळे सगळं गाव यायचं. शेजारच्या गावची माणसं यायची. बसायची, तब्येत विचारायची, पिकाचं बोलायची, आणि वहिनी प्रत्येकाला पेला भरून द्यायची. सोमवार संपेपर्यंत कळशी रिकामी. मग पुढच्या शनिवारपर्यंत दादा माठातलं पाणी पीत असे. मी खांदा सोलवटून घेऊन त्याच्यासाठी पाणी आणत होतो, आणि त्याची तब्येत विचारायला येणारे ते पिऊन जात होते.

हे मला कळायला बरेच दिवस लागले. कळलं तेव्हा मी वहिनीवर आवाज चढवला. उत्तर दादानं दिलं. "तिले काहून रागावतं? मीच सांगून ठेवलं हाये. मानूस माह्या जिवासाठी उन्हातून चालत येते, अन् मी त्याले खारं पाजू?"

"अरे, मग तू मरशील."

"मरन काय पाहुन्याच्या हातात हाये?" तो म्हणाला. अशा माणसाशी काय वाद घालणार. मी कॅन दोन केल्या. पाहुणेही वाढले. मास्तर अकोल्याचं नळाचं पाणी आणतो, ही कीर्ती तोवर पसरली होती.

मला भीती वाटत होती. त्याच्या नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो लवकर भरून यायचा नाही. दर शनिवारी गेल्याबरोबर मी पहिलं काम तेच करायचो, आणि दर शनिवारी तो खड्डा जास्त वेळ राहायचा. सबंध आठवडा वर्गात मी हसून शिकवायचो आणि डोळ्यांपुढे तो खड्डा असायचा.

मग मी विज्ञान करून पाहिलं. खारं पाणी उकळून त्याची वाफ धरली की गोड पाणी मिळतं, हा प्रयोग मी दरवर्षी सहावीला दाखवत आलो होतो. पेपरात तर परदेशात समुद्राचं पाणी गोड करण्याचा कारखाना निघाल्याचं आलंच होतं. मी शाळेतली काचेची नळी मागून घेतली, गावी मडक्याला मडकं जोडलं, सांध्याला कणीक लिंपली आणि खाली पऱ्हाटी पेटवली. कपाशीच्या त्या काटक्या भसाभस जळतात आणि राख होतात. दादा बाजेवरून पाहत होता. सकाळपासून पेटवलं तेव्हा संध्याकाळी फुलपात्रभर पाणी झालं, कोमट आणि धुराच्या वासाचं. वर्षभराच्या सरपणाचा ढीग कमरेएवढा उतरला होता. वहिनी त्या ढिगाकडे पाहत उभी राहिली. ते फुलपात्र दादानं हातात घेतलं तेवढ्यात सरपंच तब्येत विचारायला आले. म्हातारा माणूस, चांगला माणूस. दादानं ते फुलपात्र त्यांच्यापुढे केलं आणि म्हणाला, "घ्या, माह्या भावानं बनवलं हाये." त्या दिवसापासून पेपरातला समुद्राचा कारखाना मी वर्गात सांगितला नाही.

आता उरलं राजकारण. राजकारणाबद्दल माझं मत फार साधं आहे. आमचं गाव जागचं न हलता तीन राज्यांत राहून आलं. पाण्यासाठीचा अर्ज गावानं आधी नागपूरला पाठवला, तोवर ते राज्य गेलं. मग मुंबईला पाठवला, तर तेही राज्य फुटलं. तिसऱ्या राज्यात पुन्हा पाठवला. प्रत्येक राज्यानं अर्ज पोचल्याचं अगदी सभ्यपणे कळवलं. राज्य आपल्या भाषेचं झालं याचा मला आनंद झाला होता, मी पेढेही खाल्ले होते. पण खाऱ्या पाण्याला भाषा कळत नाही.

तरी या तिसऱ्या राज्यात काहीतरी हललं. डोंगराच्या पायथ्याच्या नदीवरून नळ टाकून खारपाणपट्ट्यातल्या काही गावांना पाणी द्यायचं ठरलं. कोणत्या गावांना आधी, हे ठरायचं होतं. आणि निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे एक वजनदार पुढारी गावोगाव फिरून स्वतः पाणी पिऊन पाहणार, अशी बातमी आली.

मला वाटलं, आता दादा वाचला. लाज सोडून सांगतो, देवापुढे नारळसुद्धा फोडला, विज्ञान शिकवत असून.

पुढारी यायच्या आधीच्या रविवारी मारुतीच्या पारावर गाव जमलं. मी उभा राहून हात जोडून सांगितलं की या एका पाहुण्याला, फक्त या एकाला, घरचं पाणी द्या. त्यानं तोंड वाकडं केलं की आपल्याला नळ मिळेल. माझा भाऊ जगेल, तुमची पोरं जगतील. लोकांनी माना डोलावल्या. सरपंच म्हणाले, "मास्तर बराबर सांगून राहिले. कोनी गोड पानी द्याचं नाई." सगळे हो म्हणाले. दादाही हो म्हणाला.

आणि मग प्रत्येकजण घरी गेला. त्यांच्या मनात काय चाललं असेल, हे मला अगदी नेमकं माहीत आहे, कारण मीही त्याच गावचा. खारं पाणी द्यायला बाकीचं गाव आहेच. सगळे देतीलच. एका माझ्या घरानं गोड दिलं तर काय बिघडतं? एवढा मोठा माणूस माझ्या ओसरीवर पहिल्यांदा आणि शेवटचा येणार, आणि जन्मभर त्यानं काय सांगावं, की अमक्याच्या घरी मला मिठाचं पाणी पाजलं? त्या आठवड्यात लांबच्या विहिरीवर आमच्या गावच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, असं मला नंतर कळलं.

पुढारी आले. आंब्याच्या पानांची कमान, लेझीम, शाळेतली पोरं. त्यांनी पहिलं पाणी सरपंचांच्या घरी घेतलं. प्यायले, मान हलवली. मी दारातून पाहत होतो. मला वाटलं, सभ्य माणूस आहे, तोंड वाकडं करत नाही. मग ते मागच्या वस्तीत गेले. तिथल्या मंडळींनी चारपाच वर्षांपूर्वीच बौद्ध धर्म घेतला होता. त्यांची विहीर वेगळी, आमची वेगळी, खार मात्र एकच होता. तिथं तर मोठ्या माणसानं पाणी घेणं हीच बातमी होती, फोटो काढणारा सोबत होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातचं पाणी लोकांनी घेतलं नाही, त्यांनी अशा वेळी खारं पाणी पुढे करावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? त्यांनीही गोड दिलं. त्यांना मी दोष देत नाही.

शेवटी ते आमच्या घरी आले, कारण दादा हा आमचा पुरावा होता. सुजलेले पाय, पिवळा चेहरा, सगळं दाखवायचं होतं. मी वहिनीला माठातलं पाणी भरून तयार ठेवायला सांगितलं होतं. पेला तयारही होता. पुढारी बाजेच्या काठावर बसले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "कसं आहे आता?" त्या हातानं दादा विरघळला. त्याचे डोळे भरून आले. वहिनी पेला घेऊन आली तेव्हा त्यानं नुसती नजर उचलून कोपऱ्यातल्या कळशीकडे केली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे पाहिलं. आणि हातातला पेला मोरीत ओतून, कळशीतून दुसरा भरून आणला. ते त्या आठवड्याचं उरलेलं शेवटचं पाणी होतं, दादाचं.

पारावर भाषण झालं. "मी तुमच्या गावात घरोघरी पाणी प्यालो," पुढारी म्हणाले. "आमचे विरोधक बोभाटा करतात तसं मला तर काही आढळलं नाही. तुमच्या गावचं पाणी मला गोड लागलं, तुमच्या मनासारखंच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हे रागानं सांगतो आहे, पण ते अगदी मनापासून टाळ्या वाजवत होते. पाहुणा तृप्त झाला होता. मी घरात पळालो, माठात तांब्या बुडवला आणि पुढाऱ्यांच्या मोटारीकडे धावलो. त्यांच्या चिटणिसानं काच खाली केली. मी म्हटलं, हे प्या, हे खरं पाणी आहे. त्यानं तांब्याकडे पाहिलं, माझ्या अवताराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "साहेबांचं पाणी झालंय. तुम्ही अर्ज पाठवा." मोटार निघाली. अर्धा तांब्या माझ्या धोतरावर सांडला होता. वाळल्यावर त्यावर पांढरे डाग उठले.

तक्रार अतिरंजित असल्याची बातमी पेपरात आली. नळ मिळणाऱ्या गावांत आमचं नाव नव्हतं. मी दादाला ते वाचून दाखवणार नव्हतो, पण त्यानं मागून घेतलं. सगळं ऐकून त्यानं पेपराची घडी उशाखाली सारली. मग म्हणाला, "त्यायनं खांद्यावर हात ठेवला ना रे. मले वाटलं, त्यायले समजलं."

उन्हाळ्यात त्याला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यांनी ठेवून घेतलं नाही. तिथून मी त्याला सरळ अकोल्याला माझ्या घरी आणलं. आता शेताचं नाव काढायची त्याच्यात ताकद नव्हती. मला मनातून एक वेडी आशा होती. मी म्हणायचो, आता नळ आहे, आता पाहुणे किती का येईनात, हवं तेवढं पाणी आहे. धुऊन निघेल सगळं.

डॉक्टर घरी आले. तपासून झाल्यावर मला बाहेर अंगणात नेलं. मूत्रपिंडं थांबली आहेत, म्हणाले, पाणी अंगाबाहेर जातच नाही, छातीत साचतंय. आजपासून पाणी बंद. दिवसभरात एक फुलपात्र, तेही घोट घोट.

मी म्हटलं, "पण डॉक्टर, हे नळाचं आहे. गोड आहे."

"कोणतंही," ते म्हणाले. आम्ही नळाजवळच उभे होतो. नळ चालू होता आणि खालची बादली भरून वाहत होती. मला ती बादली लाथेनं उडवावीशी वाटली. मी नळ बंद केला आणि तिथंच खाली बसलो.

अकोल्याचा मे महिना. धडधाकट माणसाच्या जिभेला कोरड पडते. आम्ही दादाची बाज आतल्या खोलीत नेली, नळाचा आवाज येऊ नये म्हणून, पण तो येतच होता. "नळ आला काय?" तो विचारायचा. आला म्हटलं की म्हणायचा, "भरून घ्या मंग." स्वतःसाठी त्यानं मागितलं नाही. वहिनी ओलं फडकं त्याच्या ओठांवरून फिरवायची आणि तो ते दातांत धरून ठेवायचा. वहिनीला ते सोडवून घेववत नसे.

त्याच दिवसांत गावाहून सरपंच भेटायला आले. भर दुपारी बसमधून उतरून चालत आलेले. ओठ पांढरे पडलेले, डोक्याचा शेला घामानं भिजलेला. आजाऱ्यासमोर पाणी नको म्हणून माझ्या बायकोनं त्यांना बाहेर बोलावलं, पण ते आधी दादाजवळ येऊन बसले होते.

"पानी दिलं काय त्यायले?" दादानं विचारलं.

"मले तहान नाई," सरपंच म्हणाले. त्यांना सगळं ठाऊक होतं, मी दारातच सांगितलं होतं.

"माह्या भावाच्या घरून कोरड्या तोंडानं जाता काय?" दादाचा आवाज उरलाच नव्हता, तरी त्यात राग होता. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बायकोनं नळाचं पाणी पेल्यात आणून दिलं. म्हाताऱ्यानं तो पेला दोन्ही हातांनी धरला आणि खाली पाहत प्यायला.

"गोड हाये ना?" दादा म्हणाला. सरपंचांनी रिकामा पेला खाली ठेवला. दादानं माझ्या बायकोला खूण केली, "अजून दे त्यायले."

सरपंच दुसरा पेलाही प्यायले. नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. ते घोट घोट पीत होते आणि दादा टक लावून त्यांच्या गळ्याकडे पाहत होता, आणि प्रत्येक घोटाला दादाचा कोरडा गळा त्यांच्यासोबत हलत होता.